कच्चं लिंबू आणि लाल चेंडू

लहान मुलांना खेळात सामावून घ्यायची आपल्याकडे एक जुनी सोय आहे. कुणाचा तरी चार-पाच वर्षांचा भाऊ सोबत आलेला असतो, आईने ‘त्यालाही घ्या रे’ म्हणून बजावलेलं असतं, आणि मग टोळीतला सगळ्यात मोठा मुलगा निकाल देऊन टाकतो : हा कच्चं लिंबू. काही घरांत लिंबूटिंबू म्हणतात. कच्च्या लिंबावर राज्य येत नाही. ते पकडलं गेलं तरी बाद होत नाही. ते पळतं, लपतं, सगळ्यांच्या बरोबरीने ओरडतं. फक्त त्याने केलेल्या कशाचाच हिशोब कुठे लागत नाही.

पहिले काही दिवस त्याची मजा असते. मग केव्हातरी त्या मुलाच्या ध्यानात येतं, की आपण एवढे जिवाच्या आकांताने पळतोय, पण आपल्यामागे कुणी धावतच नाहीये. ज्यांना हे आठवतं त्यांना ते चांगलंच आठवतं. बाद न होण्याची सवलत म्हणजे खेळात नसणंच, हे पाच वर्षांच्या मुलालाही कळतं. शब्दांत सांगता येत नाही एवढंच.

गल्लीतल्या खेळात याहून वेगळा एक उपायही असतो. जागा अरुंद असते, शेजारच्या खिडक्यांना काचा असतात, एकच मुलगा फार मारतो. मग ‘एक टप्पा आउट’ येतं. भिंतीपलीकडे गेला तर आउट येतं. हे नियमही कुणाला तरी आवर घालायला किंवा कुणाला तरी संधी द्यायलाच केलेले असतात, पण ते सगळ्यांना माहीत असतात, सगळ्यांना लागू असतात, आणि मुख्य म्हणजे त्यांच्या आत जे घडतं ते मोजलं जातं. दोन्ही उपायांचा हेतू चांगलाच आहे. तरी मला त्यांत एक नैतिक अंतर दिसतं, आणि ते नीट दिसलं ते टेनिसच्या एका कोर्टवर, शारीरिक शिक्षणाच्या छात्राध्यापकांचे सराव पाठ बघताना.

त्याआधी चेंडूबद्दल थोडं सांगायला हवं, कारण सगळं त्यावर उभं आहे. टेनिसचा नेहमीचा पिवळा चेंडू २५४ सेंटीमीटरवरून कडक जमिनीवर नुसता सोडला तर तो १३५ ते १४७ सेंटीमीटर उसळला पाहिजे, असं त्याचं प्रमाण आहे. आठ वर्षांच्या मुलाची उंची सव्वाशेच्या आसपास. म्हणजे कुणी फटका मारलेलाही नाही, चेंडू फक्त खाली पडलाय, आणि तो मुलाच्या डोक्यावरून जातोय. कोर्ट २३.७७ मीटर लांब. दुहेरीच्या रेषा धरल्या तर १०.९७ मीटर रुंद. या मैदानावर या चेंडूने आठ वर्षांच्या मुलाला खेळायला लावणं म्हणजे मोठ्या माणसाला छपरावरून उसळणारा चेंडू परतवायला सांगण्यासारखं आहे. तो जे शिकेल ते टेनिस नसेल. डोक्यावरच्या चेंडूपासून स्वतःला कसं वाचवायचं, हे असेल.

आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने २००७ साली यावर एक मोहीम काढली. लाल चेंडू पिवळ्यापेक्षा ७५ टक्के हळू, नारिंगी ५० टक्के, हिरवा २५ टक्के. रॅकेट छोटी, नेट ८० सेंटीमीटरच्या आसपास. लाल चेंडूचं कोर्ट मोठ्या कोर्टवर आडवं आखतात. मोठ्याची रुंदी ती छोट्याची लांबी, त्यामुळे एका कोर्टात चार छोटी कोर्टं आरामात बसतात. २०१२ पासून तर दहा वर्षांखालच्या स्पर्धांत नेहमीचा पिवळा चेंडू वापरायलाच मनाई आहे. या मोहिमेचं सूत्र तीन शब्दांचं होतं : सर्व्ह, रॅली, स्कोअर. पहिल्या तासापासून मुलाने तिन्ही करायचं. मला यातला तिसरा शब्द सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. नवशिक्याचाही स्कोअर धरायचा, म्हणजे त्याला कच्चं लिंबू ठेवायचं नाही.

मी स्वतः लहानपणी एका उन्हाळी शिबिरात टेनिस ‘शिकलो’. चौदा मुलांची रांग. सर टोपलीतून चेंडू टाकणार, आपण फोरहँड मारायचा, रांगेच्या शेवटी जायचं. मी एकदा बसून हिशोब केला होता (माझ्या धंद्यातल्या माणसांना ही खोड असते). पळणं, वॉर्मअप आणि चेंडू गोळा करणं वजा जाता तासातली तीस मिनिटं उरत. दर पाच सेकंदांना एक चेंडू धरला तर ३६० चेंडू. भागिले चौदा. तासाला पंचवीस-सव्वीस फटके, आणि उरलेला वेळ पुढच्या मुलाच्या मानेकडे बघत. पण आकडा हा खरा मुद्दा नाही. त्या सगळ्या शिबिरात मला हरवू पाहणाऱ्या माणसाकडून आलेला असा एकही चेंडू माझ्या वाट्याला आला नाही. टेनिसमध्ये जे असतं ते सगळं होतं, फक्त टेनिस नव्हतं.

इंग्लंडमधल्या लफबरा इथे शारीरिक शिक्षणाचे शिक्षक घडवणारे डेव्हिड बंकर आणि रॉड थॉर्प यांनी १९८२ साली हीच तक्रार शाळांमधल्या एकूण खेळशिक्षणाबद्दल मांडली. मुलं तंत्र घोटतात, पण ते कधी आणि कशासाठी वापरायचं हे त्यांना कळत नाही. शाळा सुटते तेव्हा त्यांना खेळाबद्दल फारसं काही ठाऊक नसतं आणि शिक्षकावाचून त्यांचं पान हलत नाही. त्यांनी क्रम उलटा केला. आधी मुलाला झेपेल असा खेळ, मग ‘आता काय करावं?’ हा प्रश्न, आणि ‘ते कसं करावं?’ हे त्यानंतर. खेळातून शिक्षण ही कल्पना आपल्याला नवी नाही. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडकांनी ती बालवाडीत रुजवली. पण तिथे खेळातून अक्षरं आणि अंक शिकवायचे होते. इथे खेळातून खेळच शिकवायचाय. हे वेगळं शोधून काढावं लागलं, यातच आपण खेळाचं काय करून ठेवलं होतं ते आलं.

तर कोर्ट. पुण्यात माझ्या घराजवळच्या एका शाळेत शनिवारी सकाळी छात्राध्यापक येतात. भाचीला सोडायचं काम माझ्याकडे, त्यामुळे मी पायऱ्यांवर बसून असतो. त्यांच्यातला एक सांगलीकडचा. खो-खो खेळून वर आलेला. रॅकेट हातात धरली ती कॉलेजात आल्यावर, वर्षभरापूर्वी. त्याचा फोरहँड बघून मुलांनी शिकावं असा नाही, आणि हे तो स्वतःच हसत सांगतो. पण मोकळी जागा कुठे आहे, हे त्याच्याइतकं लवकर कुणाला दिसत नसेल.

एका शनिवारी त्याने खडूने अतिशय चिंचोळं कोर्ट आखलं : तेवढंच लांब, पण जेमतेम दोन हात रुंद. बाजूला मारून सुटकाच नाही. दहा मिनिटं मुलांनी चेंडू एकमेकांच्या अंगावर मारले. मग एका मुलीने नेटजवळ टुकदिशी टाकला, समोरची धावत पुढे आली, आणि पुढचा चेंडू तिच्या डोक्यावरून मागे. सगळे थबकले. सरांनी एवढंच विचारलं, “ती चुकली का?” ती चुकली नव्हती, पुढे खेचली गेली होती. हे वाक्य त्यांच्यापैकीच कुणीतरी म्हटलं. पुढच्या वेळी त्याने कोर्ट आखूड आणि ऐसपैस केलं, तेव्हा मुलं कोपरे शोधू लागली.

आता कुणी म्हणेल, ही फसवणूकच नाही का? मुलांना वाटतं आपण खेळतोय. प्रत्यक्षात चौकट अशी आखलीय की त्यांनी ठरावीक गोष्टच शोधावी. शोधण्याचा आनंद त्यांचा, पण सापडायची वस्तू आधीच पुरून ठेवलेली.

हा आक्षेप मी बरेच दिवस घोळवला. त्याचं मूळ जुनं आहे. रूसोच्या १७६२ सालच्या ‘एमिल’मध्ये शिक्षकाला सल्लाच असा आहे, की मुलाला वाटू द्या सत्ता त्याची आहे, आणि ती असू द्या तुमची. याच पुस्तकात शर्यतीचा एक प्रसंग येतो. एका आळशी मुलाला पळायला लावायचं म्हणून शिक्षक केकचं बक्षीस लावून शर्यती ठेवतो. मुलगा पळायला लागतो. मग शिक्षक धावण्याच्या वाटा मुद्दाम कमी-जास्त लांबीच्या ठेवायला लागतो. मुलाला वाट निवडू देतो, पण मुलगा अंतराकडे न बघता चांगली दिसणारी वाट निवडतो आणि हरतो. शिक्षकाला तो लबाडी पकडायला हवा असतो, कारण पकडायची तर अंतर नजरेने मोजायला शिकावं लागणार. गंमत अशी, की मुलाचा शिक्षकावर इतका विश्वास असतो, की लबाडी त्याच्या लक्षात आणून देण्यासाठीच शिक्षकाला घाम गाळावा लागतो.

लबाडी आहेच. पण ही उघडकीला येण्यासाठी केलेली लबाडी आहे. कधीच उघडकीला येऊ नये म्हणून केलेली लबाडी वेगळी. चिंचोळं कोर्ट तर लबाडीसुद्धा नाही. खडूची रेघ सगळ्यांसमोर आहे. ‘सर, एवढं चिंचोळं का?’ असं कुणी विचारलं, तर सर खरं उत्तर देऊ शकतात आणि त्याने खेळ मोडत नाही. लाल चेंडूचंही तसंच. तो हळू आहे हे गुपित नाही. मला हीच कसोटी पुरेशी वाटते : शिक्षकाने जे केलं ते मुलाला सांगितलं, तर खेळ टिकतो का?

आणि ती कसोटी नापास झालेली मी त्याच कोर्टवर पाहिली. मुलं चढत्या-उतरत्या क्रमाने खेळत होती. जिंकला तो वरच्या कोर्टवर, हरला तो खालच्या. निळ्या टोपीचा एक मुलगा सलग चौथ्या शनिवारी शेवटच्या कोर्टवर होता. मुलं विषम होती म्हणून सर स्वतः त्याच्यासमोर उभे राहिले. चार-तीन असताना सरांनी एक सोपा चेंडू बाहेर घालवला. मुलगा जिंकला. नेटजवळ येऊन त्याने विचारलं, “सर, तुम्ही मुद्दाम बाहेर मारलात ना?”

“नाही रे, खरंच गेला.”

मुलगा काही बोलला नाही. बांधलेली बुटाची नाडी सोडून परत बांधत बसला.

लाल चेंडू आणि मुद्दाम बाहेर घालवलेला चेंडू, दोन्ही त्या मुलावरच्या मायेतूनच आले. एकाने त्याला खेळात आणलं. दुसऱ्याने तो खेळात असताना त्याला कच्चं लिंबू केलं, तेही न सांगता. गल्लीतलं कच्चं लिंबू निदान जाहीर असतं.

बर्नर्ड सूट्स नावाच्या तत्त्वज्ञाने १९७८च्या ‘द ग्रासहॉपर’ या पुस्तकात खेळाची व्याख्या करून दाखवली. खेळणं म्हणजे जे अडथळे पार करायची काहीच गरज नाही ते आपणहून स्वीकारून पार करायची धडपड. गोल्फमध्ये चेंडू खळग्यात घालायचाय, तर हाताने नेऊन टाकता आला असता. पण तसं केलं की गोल्फच उरत नाही. अडथळा स्वीकारायचा तो खेळ शक्य व्हावा म्हणून. हे मान्य केलं तर सरांनी त्या मुलाकडून काय काढून घेतलं ते स्पष्ट होतं. त्यांनी त्याला गुण दिला, अडथळा काढून घेतला. आणि अडथळा काढल्यावर त्या गुणात काही उरलंच नव्हतं.

माझ्या व्यवसायात याची उलटी आवृत्ती रोज दिसते. कंटाळवाण्या कामावर गुण, बिल्ले आणि ‘सलग इतके दिवस’ची आगपेटी चिकटवायची आणि त्याला खेळ म्हणायचं. तिथे गुण आहेत, पण ज्याची धडपड करावी असा अडथळाच नाही. हे गुण उद्या काढून टाकले तर खाली तेच कंटाळवाणं काम सापडेल. चिंचोळ्या कोर्टवरचा खेळ काढून टाकला, तर शिकणंही त्याच्याबरोबर निघून जातं. ‘खेळातून शिक्षण’ या नावाखाली दोन्ही खपतात, म्हणून हे सांगितलं.

कुणी म्हणेल, एवढा कीस कशाला? आपण सगळेच लहान मुलांशी कॅरम खेळताना राणी सोडतो. खरंय, आणि तीन वर्षांच्या मुलासमोर सोडण्यात मला काही वावगं वाटत नाही. त्याच्यासाठी तो अजून खेळ नाहीच, सोंगट्यांचा आवाज आहे. पण मूल ज्या दिवशी स्वतः गुण मोजायला लागतं, त्या दिवसापासून गुणांशी केलेली लबाडी ही त्याच्याशी केलेली लबाडी होते, मग ती त्याच्या बाजूने का असेना.

प्रामाणिकपणाचीही किंमत असते, तीही सांगायला हवी. चेंडूचा रंग उघड असतो म्हणूनच तो शिक्क्यासारखा बसतो. पायऱ्यांवरचे पालक रंगावरून इयत्ता ठरवतात. ‘अजून लालच?’ हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय, की नऊ वर्षांच्या मुलाला हिरवा चेंडू मिळाल्यावर त्याच्यापेक्षा त्याचे बाबा खूश झालेले पाहून मला आश्चर्य वाटलं नाही. तो मुलगा पुढचे दोन महिने खांद्याच्या वर फटके मारत राहिला. यावर माझ्याकडे उपाय नाही. पण रंग लपवून ठेवणं हा उपाय नाही, एवढं नक्की.

आता छात्राध्यापकाकडे. त्याचीही अवस्था पाहण्यासारखी आहे. पाठ टाचण लिहून आणायचं, निरीक्षक प्राध्यापक मागे खुर्ची टाकून बसणार, गुण देणार. ज्याने रांग लावून सगळ्यांचे फोरहँड एकसारखे वळवले, त्याचा पाठ लांबूनही नीटनेटका दिसतो. ज्याने चार कोर्टांवर चार भांडणं सुरू करून दिली, त्याच्या पाठात काय शिकलं गेलं ते खुर्चीवरून दिसत नाही. पालकही म्हणतात, ‘नुसते खेळवत बसतात, शिकवत नाहीत.’ आणि हे म्हणणं अगदीच खोटं नाही. ज्याला शिकवता येत नाही तोसुद्धा खेळ लावून बाजूला उभा राहू शकतो. बाहेरून दोघे सारखेच दिसतात. मला फरक ओळखायची एकच जागा सापडली : खेळ अडला की तो काय बदलतो. नुसता खेळवणारा मुलं बदलतो, जोड्या बदलतो, शिट्टी वाजवतो. शिकवणारा रेघ बदलतो.

आणखी एक प्रश्न या पाठांना चिकटून येतो. शिकाऊ माणसाने मुलांवर हात बसवावा का? केशकर्तनालयात शिकाऊ मुलाच्या खुर्चीत बसायला आपण नाखूश असतो, आणि इथे शंभर मुलं बसवतो. यातून सुटका नाही, कारण मुलांशिवाय शिक्षक शिकणार कुठे. पण सराव पाठाला ‘सराव’ म्हणण्यात एक धोका आहे. तो पाठ छात्राध्यापकासाठी सराव असतो. मुलासाठी तो त्या आठवड्यातला टेनिसचा एकमेव तास असतो. छात्राध्यापकाचं चुकलं तर त्याचे दोन गुण जातात आणि पुढचा पाठ मिळतो. बुटाची नाडी परत बांधत बसलेल्या मुलाला तो शनिवार परत मिळत नाही. सरांना कच्चं लिंबू मानून ‘शिकतोय तो अजून’ म्हणत आपण त्यांच्यावर उपकार करत नाही. त्यांनी केलेलंही मोजलंच गेलं पाहिजे, फक्त निरीक्षकाच्या तक्त्यात नव्हे.

बाहेर घालवलेल्या त्या चेंडूबद्दल मी सरांना विचारलं नव्हतं. त्यांनीच पाणी पिताना विषय काढला. “दादा, चार शनिवार हरतोय तो. काय करणार?” मी म्हटलं, त्याला कळलंय. ते म्हणाले, “ते मलापण कळलं.”

पुढच्या शनिवारी त्यांनी आपल्या बाजूचं कोर्ट दोन्हीकडून दोन-दोन पावलं वाढवलं आणि मुलाला सांगितलं, “माझं कोर्ट मोठं, तुझं तेवढंच. मी आता एकही सोडणार नाही.” आणि खो-खोवाल्याच्या पायांनी ते खरोखरच धावले. मुलगा पाच-दोन हरला. त्यातल्या एका चेंडूवर तो रेषेवर पडला की बाहेर, यावरून त्याने सरांशी असं भांडण काढलं, की शेजारच्या कोर्टवरचे खेळ थांबले. तो चार पावलं मागत होता. सर तीनवर अडून होते. मागे खुर्चीत निरीक्षक ‘वर्ग नियंत्रण’च्या रकान्याशी पेन घेऊन बसले होते, आणि सरांनी तिकडे एकदा बघितलं, मग मुलाच्या हातात खडू दिला आणि म्हणाले, “बरं, आख तू. पण एकदा आखलीस की पुसायची नाही.”